लहान गोधडीचा पॅटर्न, मोठा पलंग

प्रश्न: भाचीसाठी मी एक लहान गोधडी शिवली होती. पॅटर्न विकतचा. ९ इंचांचे ३५ ब्लॉक, आडवे पाच आणि उभे सात, एकूण ४५ × ६३ इंच. एक ब्लॉक ताऱ्याचा, त्याच्या शेजारी नऊ चौकोनांचा, असे आलटून पालटून. ती पाहून धाकट्या बहिणीने तशीच मोठी गोधडी दोघांच्या पलंगासाठी मागितली आहे. तिची गादी ६० × ७८ इंच आणि ८ इंच जाड आहे. पॅटर्नमधला प्रत्येक आकडा दुप्पट करायचा असं ठरवून मी एक तारा कापला, पण तुकडे जुळेचनात. चौकोन लहान पडतात आणि त्रिकोण मोठे. माझं कापणं चुकलं की पॅटर्न चुकीचा आहे? कापड दुप्पट आणलं तर पुरेल ना? आणखी एक गोष्ट आहे. आमची आई आता नाही. तिच्या सुती कपड्यांतलं थोडं कापड मी जपून ठेवलं आहे आणि ते या गोधडीत यावं अशी आम्हा दोघींची फार इच्छा आहे. पण ते मोजकंच आहे, चुकलं तर परत मिळणार नाही, म्हणून कात्री लावायला हात धजत नाही. आणि एवढी मोठी गोधडी घरच्या साध्या मशीनवर होते का?

उत्तर: आईचं कापड तूर्त कपाटातच राहू द्या. त्याची जागा ठरवण्याआधी बरंच काही कागदावर ठरायचं आहे, आणि ते ठरलं की कात्रीची भीती आपोआप कमी होईल.

आधी जुळत नसलेला तारा. तुमचं कापणं बरोबर आहे आणि पॅटर्नही बरोबर आहे. गडबड झाली ती गुणाकाराच्या वेळी. पॅटर्नमध्ये छापलेला प्रत्येक आकडा हा कापायच्या मापाचा असतो, म्हणजे त्यात शिवणीची माया, शिवताना आत जाणारं जास्तीचं कापड, धरलेली असते. गोधडी लहान असो की मोठी, माया पाव इंचाचीच राहते. तुम्ही आकडा दुप्पट केलात तेव्हा मायाही दुप्पट झाली.

तुमच्या ताऱ्यात तीन गुणिले तीन अशी नऊ घरं आहेत. मधे एक चौकोन, चार कोपऱ्यांत चार चौकोन, आणि चार बाजूंना दोन-दोन त्रिकोण जोडून झालेले चौकोन. ब्लॉक ९ इंचांचा, म्हणून प्रत्येक घर शिवल्यावर ३ इंचांचं. चौकोन साडेतीन इंचांचा कापायचा, कारण दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच माया. त्रिकोणांसाठी मात्र ३ इंच ७ सूत मापाचा चौकोन कापून तो तिरका अर्धा करायचा. एक इंचाची आठ सुतं, तेव्हा पाव इंच म्हणजे दोन सूत. मग त्रिकोणाला अर्ध्या इंचाऐवजी सात सूत का? कारण त्याला तिरक्या बाजूलाही शिवण असते, आणि ती शिवण निमुळत्या टोकांशी जास्त कापड खाते. नेमका हिशेब ०.८५ इंचाचा येतो. सोयीसाठी सात सूत धरतात.

आता दुप्पट करून बघा. साडेतीनचे ७ इंच झाले, त्यातून अर्धा इंच माया गेली, शिवलेला चौकोन साडेसहा इंचांचा. ३ इंच ७ सुतांचे ७ इंच ६ सूत झाले, त्यातून सात सूत गेले, शिवलेलं घर ६ इंच ७ सुतांचं. दोन्ही घरं ६ इंचांची हवी होती. दोन्ही मोठी झाली, आणि वेगवेगळ्या प्रमाणात मोठी झाली. दोन शेजारी घरांत तीन सुतांचा फरक असेल तर ती कितीही नीट शिवली तरी जुळणार नाहीत.

म्हणून कोणताही पॅटर्न मोठा करायचा असेल तर आधी प्रत्येक तुकड्याचं शिवल्यानंतरचं माप काढून लिहा. गुणाकार किंवा भागाकार त्यावरच करायचा, आणि अगदी शेवटी नव्याने माया मिळवायची: चौकोनाला आणि पट्टीला अर्धा इंच, अर्ध्या चौकोनाच्या त्रिकोणाला सात सूत. काही पॅटर्नमध्ये चौकोन दोनदा तिरका कापून चार त्रिकोण काढलेले असतात; त्यांना सव्वा इंच. तुमच्या ताऱ्यात ते नाहीत, पण पुढे कधीतरी भेटतील.

आणि समजा हा हिशेब तुम्ही बरोबर केला असता, तरी दुप्पट मापाची गोधडी बहिणीच्या उपयोगाची नव्हती. ४५ × ६३ ची दुप्पट ९० × १२६. रुंदीला ९० ठीक आहे, पण ७८ इंचांच्या गादीवर १२६ इंचांची गोधडी पायथ्याशी जमिनीवर लोळेल. लहान गोधडी अरुंद आणि उभट असते. दोघांचा पलंग त्या मानाने चौकोनी असतो. त्यामुळे एकाच आकड्याने लांबी-रुंदी गुणून काम भागत नाही. रचनाच थोडी बदलावी लागते, आणि तेही काम मला मोजमापाइतकंच आवडतं.

तेव्हा पॅटर्न बाजूला ठेवा आणि पलंगापासून सुरुवात करा. गादी ६० इंच रुंद. दोन्ही बाजूंना गोधडी किती खाली यावी? गादी ८ इंच जाड आहे, म्हणजे १२ इंच सोडले तर गादी पूर्ण झाकून चार इंच खाली येईल. झोपेत एकाने ओढली तर दुसरा उघडा पडणार नाही. तेव्हा ६० अधिक २४, रुंदी ८४ इंच. लांबीला ७८, पायथ्याशी १२ आणि उशीच्या बाजूला ६ धरले तर ९६. तरीही बहिणीला एकदा प्रत्यक्ष मापायला सांगाच. तिच्याकडची एखादी चादर पलंगावर पसरून, गोधडी जिथपर्यंत यावीशी वाटते तिथे टाचण्या लावायच्या आणि टेपने मोजायचं. कुणाला गोधडी गादीखाली खोचायची सवय असते, कुणाला उशीवरून ओढून घ्यायची. त्या सवयींपायी चार-सहा इंच इकडेतिकडे होतात.

८४ × ९६ पर्यंत जायचे तीन-चार मार्ग आहेत.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो मार्ग म्हणजे ब्लॉक तेवढाच ठेवून संख्या वाढवायची. आडवे ९ आणि उभे ११ घेतले तर ८१ × ९९ होतात. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: दोन प्रकारचे ब्लॉक आलटून पालटून येतात तेव्हा आडवी आणि उभी, दोन्ही संख्या विषम हव्यात. तरच चारही कोपऱ्यांत तारा येतो. आडवे १० घेतलेत तर डाव्या कोपऱ्यात तारा आणि उजव्या कोपऱ्यात नऊ चौकोन येतील, आणि गोधडी कुठेतरी वाकडी आहे असं बघणाऱ्याला वाटत राहील. पण ९ गुणिले ११ म्हणजे ९९ ब्लॉक. ३५ च्या जवळजवळ तिप्पट काम. शिवाय ११ ब्लॉक म्हणजे एका उभ्या ओळीत ३३ घरं आणि त्यांच्यामध्ये ३२ शिवणी. प्रत्येक शिवणीत नुसतं अर्धं सूत कापड जास्त गेलं तर शेवटी सोळा सूत, म्हणजे दोन इंच कमी भरतात. आणि आडव्या ओळीत शिवणी कमी असल्यामुळे तिथली घट वेगळी येते.

ब्लॉकच्या मधे पट्ट्या घालून गोधडी वाढवणं हा दुसरा मार्ग. अनेक पॅटर्नना तो शोभतो, विशेषतः प्रत्येक ब्लॉक स्वतंत्र चित्र असेल तेव्हा. तुमच्या पॅटर्नला मी तो सुचवणार नाही. नऊ चौकोनांच्या ब्लॉकचे गडद कोपरे तिरकस शेजारच्या ब्लॉकच्या गडद कोपऱ्यांना टेकतात आणि ताऱ्यांच्या मधून एक साखळी धावत जाते. लहान गोधडीत तुमच्या बहिणीला बहुधा तीच आवडली असणार. मधे पट्टी आली की साखळी तुटते.

ब्लॉक तिरके, कोपऱ्यावर उभे करून बसवले तरी गोधडी वाढते, कारण ९ इंचांचा ब्लॉक तसा ठेवला की पावणेतेरा इंच जागा घेतो. मात्र कडेला त्रिकोण बसवावे लागतात, आणि तुमच्या साखळीची तिरकस धाव सरळ आडवी-उभी होऊन जाते. हाही मार्ग सोडून द्या.

मला विचाराल तर ब्लॉकच मोठा करा. ९ इंचांऐवजी १२ इंच, म्हणजे प्रत्येक घर ३ ऐवजी ४ इंचांचं. ब्लॉक ३५ च राहतील, पाच आणि सात. पाच बारे ६०, सात बारे ८४. आता पलंगाकडे बघा: गादीची रुंदी बरोब्बर ६०. तारे आणि साखळी गादीच्या सपाट भागावर काठोकाठ बसतात, उशीकडे सहा इंच जास्तीचे मिळतात, आणि बाजूंना खाली येतं ते फक्त किनारीचं कापड. एकही तारा कडेवर अर्धा दुमडत नाही. असा मेळ दर वेळी बसत नाही. तुमच्या मापांत तो बसला आहे, तर त्याचा फायदा घ्या. शिवणींची संख्याही लहान गोधडीइतकीच राहते. उभ्या ओळीत वीस शिवणी, आणि तेवढ्या नीट घालणं तुम्हाला जमतं हे भाचीच्या गोधडीने दाखवलंच आहे.

१२ इंचांच्या ब्लॉकचे नवे आकडे लिहून घ्या: चौकोन साडेचार इंचांचे, आणि त्रिकोणांसाठीचे चौकोन ४ इंच ७ सुतांचे. मी स्वतः त्रिकोणांचे चौकोन सरळ ५ इंचांचे कापते. फिका आणि गडद चौकोन एकमेकांवर ठेवायचे, मधे तिरकी रेघ ओढायची, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव-पाव इंचावर शिवण घालायची आणि रेघेवर कापायचं. एका जोडीतून दोन तयार चौकोन मिळतात. ते इस्त्री करून साडेचार इंचांना छाटले की अगदी नेमके होतात. उरेब, म्हणजे तिरक्या, कापाची कड मोकळी राहत नाही, म्हणून ती ताणलीही जात नाही. जरासं कापड वाया जातं, पण मोठ्या त्रिकोणात ताणाची चूक लहानापेक्षा अधिक दिसते, तेव्हा तेवढं वाया जाऊ द्यावं.

एक फरक मात्र डोळ्यांना जाणवेल. ३ इंचांच्या घरात बारीक बुट्टी छान दिसते, ४ इंचांच्या घरात तीच थोडी फिकी, सपाट वाटू शकते. कापड निवडताना साडेचार इंचांच्या चौकोनी खिडकीचा एक पुठ्ठा कापून कापडावर ठेवा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. पलंगावरची गोधडी बहुतेक वेळा दारातूनच पाहिली जाते.

आता किनार. बाजूंना १२ इंच भरायचे आहेत. एकाच कापडाची १२ इंची सपाट पट्टी लावली तर काम लवकर होईल, पण मधली रचना आखूड पडली म्हणून जोड लावल्यासारखी दिसेल. मी ती तीन भागांत करीन. ताऱ्यांच्या चारही बाजूंनी आधी २ इंचांची गडद पट्टी. मधला भाग ६४ × ८८ होईल. हे दोन्ही आकडे चारने भागले जातात, आणि आपलं घर ४ इंचांचं आहे. म्हणून पुढची ओळ त्याच ४ इंचांच्या चौकोनांची, पण फक्त तीन बाजूंना. उशीच्या बाजूला नको. डावीकडे २२, उजवीकडे २२, पायथ्याशी कोपरे धरून १८, असे ६२ चौकोन. मधल्या रचनेतले उरलेसुरले तुकडे इथे खपतात आणि किनार मूळ गोधडीचीच वाटते. या ओळीत फिका-गडद असा क्रम लावू नका. ६२ ही सम संख्या आहे, म्हणून एका टोकाला फिका आला तर दुसऱ्या टोकाला गडद येईल. रंग मिसळून लावले की हा प्रश्नच उरत नाही. त्याच्या बाहेर पुन्हा तीन बाजूंना ६ इंचांची साधी पट्टी. सगळं मिळून रुंदी ८४ आणि लांबी ९८. ठरवल्यापेक्षा लांबी दोन इंच जास्त आली, ती राहू द्या. टाके घातल्यावर आणि पहिल्या धुण्यात गोधडी थोडी आखडतेच.

किनारीच्या पट्ट्या कापताना कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. शिवून झालेला मधला भाग सपाट पसरून त्याच्या मध्यातून लांबी मोजा आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्याच एका मापाच्या कापा. लांब पट्टी कडेला लावत लावत शिवायची आणि उरलेली शेवटी कापायची, ही पद्धत टाळा. हाताळून हाताळून कड मध्यापेक्षा थोडी ताणलेली असते, पट्टी तेवढी जास्त खाते, आणि मग किनार जमिनीवर सपाट बसत नाही, तिला लाटा येतात. ४५ इंचांच्या गोधडीत हे खपून जातं. ९८ इंचांच्या गोधडीत ते टाके घालतानाही निस्तरत नाही. पट्टीचा मध्य आणि कडेचा मध्य जुळवून टाचण्या लावा, मग दोन टोकं, मग मधलं.

कापडाचं म्हणाल तर दुप्पट पुरणार नाही. लांबी आणि रुंदी दोन्ही वाढतात तेव्हा क्षेत्रफळ दोन्ही अंगांनी वाढतं. भाचीची गोधडी २८३५ चौरस इंचांची होती, ही ८२३२ चौरस इंचांची. जवळजवळ तिप्पट. पण नुसत्या तिपटीवर विसंबून कापड आणू नका. तुकडे मोजून आणा, कारण पन्ह्यात किती तुकडे बसतात यावर खरा हिशेब ठरतो. पन्हा ४४ इंच असला तरी काठ सोडून ४२ धरा. साडेचार इंचांचे ९ चौकोन एका आडव्या पट्टीत बसतात, ५ इंचांचे ८.

तुमच्याकडे १८ तारे आणि १७ नऊ चौकोनांचे ब्लॉक आहेत. फिक्या रंगात ताऱ्यांचे कोपरे ७२ आणि नऊ चौकोनांतले ६८, मिळून १४० चौकोन, म्हणजे १६ पट्ट्या, ७२ इंच कापड. त्रिकोणांसाठी ५ इंचांचे ३६ चौकोन, म्हणजे ५ पट्ट्या, २५ इंच. एकूण ९७ इंच. कापड आधी धुऊन आटवायचं आहे आणि एखादी पट्टी वाकडी जातेच, म्हणून पावणेतीन मीटर घ्या. गडद रंगात नऊ चौकोनांतले ८५, म्हणजे १० पट्ट्या, ४५ इंच, आणि त्रिकोणांचे तेच २५. एकूण ७० इंच, तेव्हा दोन मीटर. ताऱ्यांचे १८ मध्य यात धरलेले नाहीत, त्याचं कारण पुढे येतं. किनारीच्या चौकोनांना साडेएकतीस इंच, आतल्या गडद पट्टीला २० इंच, बाहेरच्या पट्टीला साडेपंचेचाळीस इंच. कडेच्या मगजीला, म्हणजे कड झाकणाऱ्या पट्टीला, अडीच इंच रुंदीच्या १० पट्ट्या, म्हणजे २५ इंच. बाहेरची पट्टी जोड न देता उभ्या कापडातून काढायची असेल तर त्या कापडाची लांबी किमान ९५ इंच हवी. उभ्या धाग्याला ताण कमी असतो, किनार जास्त सपाट बसते, आणि उरलेलं कापड मागच्या बाजूला वापरता येतं. मी तेच करीन.

अस्तराच्या हिशेबात सहज एक मीटर वाचवता येतो. अस्तर आणि आतली वॉडिंग, म्हणजे दोन कापडांमधला भरावाचा थर, प्रत्येक बाजूला ४ इंच जास्त हवी, म्हणजे ९२ × १०६. पन्हे उभे जोडले तर तीन लागतात आणि प्रत्येक १०६ इंच लांब, एकूण ३१८ इंच. पन्हे आडवे जोडले तरी तीनच लागतात, पण प्रत्येक ९२ इंच, एकूण २७६ इंच. म्हणजे आठ मीटरच्या वर जायचं ते सात मीटरवर येतं. कापड आटण्यासाठी वर थोडं धरा, आणि जोडण्याआधी काठ कापून टाका. काठाचं विणकाम घट्ट असतं, धुतल्यावर तिथे चुण्या पडतात. १०८ इंच पन्ह्याचं कापड मिळालं तर जोड देण्याची गरजच नाही. वॉडिंग जोडावी लागली तर एकावर एक चढवू नका. दोन सरळ कापलेल्या कडा एकमेकींना टेकवून सैल, रुंद नागमोडी टाक्याने जोडा.

आता आईचं कापड. ताऱ्यांचे मध्य त्याचे करा.

१८ मध्य, प्रत्येकी साडेचार इंच. सलग कापड असेल तर त्यासाठी २७ × १४ इंचांचा तुकडा पुरतो, तीन ओळींत सहा-सहा. तुमच्याकडचं मोजकं कापड एवढं तरी बहुधा असेल. कमी असलं तरी वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या रचनेत चारही कडांपासून आत असलेले तारे ८ च आहेत आणि कडेला लागून असलेले १०. आठच चौकोन निघाले तर ते आतल्या ताऱ्यांना द्या आणि कडेच्या ताऱ्यांना नवं कापड लावा. ते कमी पडल्यासारखं दिसणार नाही, मुद्दाम तसं रचल्यासारखं दिसेल. अनेक कपड्यांचे वेगवेगळे तुकडे असतील तर ते अधिकच छान. प्रत्येक ताऱ्याच्या पोटात आईचा एक वेगळा कपडा.

आतली जागा आणखी एका कारणासाठी योग्य आहे. गोधडीची झीज आधी कडांना होते. पांघरताना हात तिथे जातो, ओढ तिथे बसते. वापरून विरलेलं कापड किनारीत किंवा मगजीत घालू नये. कापड उजेडासमोर धरून बघा. जिथून उजेड आरपार येतो तिथे ते विरलेलं आहे. पुठ्ठ्याचा साडेचार इंचांचा चौकोन घेऊन चांगल्या जागा शोधा, सगळे चौकोन आधी पेन्सिलीने आखा, मोजा, मगच कापा. कापड पातळ वाटलं तर मागून इस्त्रीने चिकटणारं हलकं अस्तर लावा, आणि ते चौकोन कापण्याआधी लावा म्हणजे कापताना धागा सरकणार नाही. बाकीचं नवं कापड धुऊन घ्या. जुनं कापड आटून गेलेलं असतं, नवं नंतर आटलं तर जुन्याभोवती सुरकुत्या पडतील. गडद नवं कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का तेही आधीच पाहा. आईच्या कपड्यावर दुसऱ्याचा रंग उतरायला नको.

आणि कात्री लावण्याआधी एक संपूर्ण तारा साध्या, कुठल्याही कापडाचा शिवा. शिवून, इस्त्री करून मोजा. तो कडेपासून कडेपर्यंत साडेबारा इंच भरला पाहिजे. सव्वाबारा भरला तर तुमची माया पाव इंचापेक्षा किंचित जास्त जाते आहे. सुई एक-दोन धागे कडेकडे सरकवा आणि पुन्हा शिवून बघा. साडेबारा भरेपर्यंत आईच्या कापडाला हात लावू नका. भरल्यावर निर्धास्त लावा.

राहिलं मशीन. वरचा भाग जोडायला घरचं मशीन पुरेपूर आहे, त्यात काही अडचण नाही. अडचण येते ती तीन थर एकत्र शिवताना, कारण सुई आणि मशीनचं अंग यांच्यामधल्या सहा-आठ इंचांतून ८४ इंचांची गुंडाळी सरकवावी लागते. तरीही ते होतं, जर तीन थर आधी नीट टाचले असतील तर. हे काम दोघींचं आहे, त्या दिवशी बहिणीला बोलवा. जमिनीवर अस्तर उलटं पसरून चिकटपट्टीने कडा ताणून बसवा. ताण एवढाच की सुरकुती राहू नये, कापड ओढलं जाऊ नये. त्यावर वॉडिंग, त्यावर वरचा भाग. मध्यापासून बाहेर, दर चार इंचांवर सेफ्टी पिन किंवा कच्चा धावदोरा. हे काम नीट झालं की पुढचं निम्मं सोपं होतं.

शिवणही मध्यापासून बाहेर. आधी ब्लॉकच्या सांध्यांवरून एक उभी, एक आडवी अशा रेघा घालून गोधडी ठिकठिकाणी स्थिर करा, मग आतलं काम. गोधडीचं ओझं टेबलावर आणि शेजारच्या खुर्चीवर टेकलेलं असू द्या. ते खाली लोंबकळलं तर सुई ओढली जाते आणि टाका वाकडा येतो. लहान गोधडीत तुमचे टाके ३ इंचांवर होते, आता घर ४ इंचांचं आहे. वॉडिंगच्या पाकिटावर दोन शिवणींमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालतं ते दिलेलं असतं, ते ४ पेक्षा कमी असेल तर प्रत्येक घरात एक रेघ वाढवावी लागेल. विकत घेण्याआधीच ते वाचा, आणि जास्त अंतर चालणारी, पातळ वॉडिंग निवडा. क्षेत्रफळ तिप्पट म्हणजे वजनही तिप्पट. जाड वॉडिंग घातली तर गोधडी मशीनमध्ये जड होईल आणि धुताना त्याहून जड.

हे सगळं एका वेळी पेलणार नाही असं वाटलं तर गोधडी तीन उभ्या भागांत करा. मधे एक ओळ, दोन्ही बाजूंना दोन-दोन ओळी, आणि कडेच्या भागांना त्यांची किनार आधीच जोडलेली. प्रत्येक भागाचे तीन थर स्वतंत्र शिवा, पण जिथे भाग एकमेकांना जोडायचे आहेत तिथली शेवटची दोन इंच कड मोकळी ठेवा. मग वरची कापडं मशीनवर जोडा, वॉडिंग टेकवून बसवा आणि अस्तर मागून हाताने शिवून घ्या. तुमची रचना ब्लॉकची आहे, त्यामुळे जोड कुठे आहे ते वरून कळतही नाही. फक्त आतली पट्टी आणि किनार वरून-खालून एका रेघेत येतात ना, ते प्रत्येक भाग जोडण्याआधी टाचून बघा. पायथ्याकडच्या तीन पट्ट्या मात्र तिन्ही भाग जोडल्यावरही लावता येतात, आणि मला तेच सोपं वाटतं: तेवढ्यापुरतं अस्तर आणि वॉडिंग पायथ्याकडे आधीच लांब ठेवायचं, पट्ट्या वरून जोडायच्या आणि मग त्या भागात टाके घालायचे.

आईच्या चौकोनांवरून मशीन नेऊ नका. त्यांच्या कडेपासून पाव इंच आत हाताने धावदोरा घाला, बारीक सुई आणि सुती दोरा घेऊन, टाका सैलसर. जुनं कापड मशीनच्या दाट टाक्याशी फाटू शकतं. अठरा चौकोन दोघींनी वाटून घेतले तर वाट्याला नऊच येतात.